कर्नल असेपर्यंत

भात भरडलं की तांदूळ कोणीतरी घेऊन जातं, तूस मात्र तिथंच पडून राहतं. मुद्दाम कोणी साठवत नाही, तरी महिनाभरात गोदामामागे ढीग उभा! आमच्या ऑफिसातल्या गोष्टींचं तसंच झालंय. अहवाल मुंबईला गेले, आकडे मुंबईला गेले, आणि इथं उरलं ते हे.

मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "ती कर्नलची सांग ना!" सांगते. पण मध्येच कोणी टाळी देऊन हसायचं नाही. मी दचकते.

आमचं ऑफिस म्हणजे मावळातलं एक छोटंसं भात संशोधन केंद्र. लोणावळ्याहून पुण्याकडच्या गाडीत बसायचं, कामशेतच्या पुढे उतरायचं आणि खाचरांमधल्या गाडीवाटेनं पंधरा मिनिटं चालायचं. काम एकच. भाताचे निरनिराळे वाण घ्यायचे आणि त्यांचे दाणे मोजायचे. अख्खे किती, तुटके किती, पांढऱ्या पोटाचे किती. तूस काढलेल्या दाण्याला आमचे साहेब इंग्रजीत 'कर्नल' म्हणतात, म्हणून आमच्या खोलीचं नाव 'कर्नल सेक्शन'.

आणि त्या सेक्शनमध्ये मी आहे 'कम्प्यूटर'. हसू नका! सरकारात हे माणसाच्या हुद्द्याचं नाव आहे. आकडेमोड करणारा तो कम्प्यूटर. करणारी असली तरी कम्प्यूटरच.

जागा टेंपररी. दर सहा महिन्यांनी मुंबईहून मुदतवाढ यायची. त्यात मुंबईला विजेवर चालणारा खरा कम्प्यूटर आला, आणि आता सगळे आकडे तोच करणार अशी बातमी उठली. म्हणजे कम्प्यूटर आला की कम्प्यूटर जाणार! मी गेले की तुंगार्लीच्या आमच्या दोन खोल्या जाणार, आणि आईला घेऊन सोलापूरला दादाकडे. दादा वाईट नाही हो. वहिनीही नाही. पण तिथं चहाची तल्लफ आली की आई आधी वहिनीच्या तोंडाकडे बघायची. इथं तिचा स्वतःचा स्टोव्ह आहे. मनात आलं की पिन मारते आणि पेटवते.

त्यामुळे बांधावरून पोस्टमनची सायकल दिसली की माझी पेन्सिल थांबायची.

*

पहिल्या दिवसाची गोष्ट. आमचे पेंडसे साहेब मितभाषी. आदल्या दिवशी त्यांनी मुकादमांना एवढंच सांगितलं होतं, "उद्या सकाळच्या गाडीनं कम्प्यूटर येतोय. स्टेशनवर जा. जपून आणा."

मुकादम म्हणजे सखाराम आबा. जवळच्याच गावचे, साठीच्या घरातले. केंद्रावरचे सगळे मजूर त्यांच्या हाताखाली. साहेबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हे त्यांचं व्रत.

मी गाडीतून उतरले. फलाटावर दुसरं कोणी उतरलं नाही. समोर एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्यामागे दोन गडी, गड्यांच्या खांद्यावर जाडजूड दोर आणि बाहेर बैलगाडी. गाडीत हातभर पेंढा अंथरलेला. तिघंही सामानाच्या ब्रेकव्हॅनकडे टक लावून बघतायत. आगगाडी सुटली. तिघांचे चेहरे उतरले.

म्हातारे माझ्याकडे आले. मी पर्स घट्ट धरली.

"बाई, तुमच्या डब्यात येकादं यंत्र व्हतं का वो?"

"नाही... कसलं यंत्र?"

"कम्प्यूटर म्हनत्यात त्येला."

"मी... मीच कम्प्यूटर."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग मागे वळून गड्यांना म्हणाले, "दोर ऱ्हाऊ द्या रं. ह्ये चालतंय!"

*

दाणे वेचायला डोंगरावरच्या ठाकरवाडीतून बायका येतात. त्यांच्यात मथुमावशी म्हणजे नंबर एक. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बोटांनी पाचपाच दाणे असे सरकवते की माझी पेन्सिल मागे पडते. शंभर झाले की एक चिंचोका बाजूला. मी पुन्हा मोजून बघते. आजवर एकदाही चुकलेली नाही. मी मात्र दोनदा चुकले आहे.

एका दुपारी ती म्हणाली, "बाई, तुमी कालिजात बी दानंच मोजत व्हता का?"

"नाही हो मावशी. पण कर्नल तिथंही होता. वेगळा."

"क्येवडा व्हता?"

"मोठा-छोटा नसतो तो. असं समजा, एक यंत्र आहे. या बाजूनं काही घातलं की त्या बाजूनं काहीतरी बाहेर येतं. पण काही वस्तू अशा असतात की घातल्या तरी बाहेर नुसतं शून्य येतं. अशा सगळ्या वस्तू मिळून कर्नल."

मावशीची बोटं थांबली. असं सहसा होत नाही.

"म्हंजी जे घालावं ते गायब?"

"हो. गायबच."

"अन् ह्ये शिकाया किती वर्सं गेली?"

"चार."

मावशी म्हणाली, "मंग आमच्या भाताच्या कनगीतल्या घुशीला कवाच पदवी द्याया पायजे व्हती!"

बायका पदर तोंडात धरून हसल्या. मीही हसले. पण संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. सहा सहा महिने मी इथं आकडे घालतेय. मुंबईहून शून्य आलं तर मी कुठल्या कर्नलमध्ये?

*

डोंगरापलीकडे दगडाची खाण आहे. तिथं सुरुंग लावतात. वेळ ठरलेली असते, भोंगा होतो, सगळ्यांना सवय आहे. मला नाही.

एकदा माझ्यासमोर मोजून झालेले हजार दाणे थाळीत होते. सुरुंग उडाला. थाळीही उडाली!

मग आम्ही सगळ्याजणी जमिनीवर. आबांनी चटई उचलून झटकली, फडताळ सरकवलं. मोजून पाहिले तर नऊशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजले. नऊशे नव्व्याण्णव. मी रडकुंडीला आले आणि अहवालाच्या कागदावर खाली लिहिलं, 'एक दाणा माझ्या हातून गेला आहे.'

साहेब म्हणाले, "मिस खरे, चालेल."

साहेबांनी चालेल म्हटलं की मला वाटतं, मुळीच चालणार नाहीये.

घरी येऊन वेणी सोडली तर टप्पकन काय पडलं? तांदळाचा दाणा! मी केवढ्यानं ओरडले असेन, आई हातात उलथणं घेऊन धावत आली. सगळं ऐकून म्हणाली, "अगं, एका तांदळासाठी एवढं? माझ्या डब्यातला मूठभर घेऊन जा!"

दुसऱ्या दिवशी मी तो दाणा पाकिटात घालून, पाकिटावर नमुन्याचा नंबर टाकून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी भिंग लावलं. उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ गेला.

"मिस खरे, हा आपला नाही. हा कोलम आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला."

आमचा दाणा अजून सापडलेला नाही.

त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी काय शेरा लिहिला, ते हेडक्लार्क वैद्यांनी मला हळूच सांगितलं. मी सांगू नये, पण सांगते. दोनच वाक्यं होती. 'प्रामाणिक आहेत. दचकतात.'

*

मग मुंबईचे देसाई आमच्या आयुष्यात आले. आधी पत्रानं.

देसाई त्या विजेच्या कम्प्यूटरवर काम करणारे गणिती. आमचे आकडे आता त्यांच्याकडे जाऊ लागले होते. त्यांचं पहिलं पत्र आलं तेव्हा साहेब दातांसाठी पुण्याला गेलेले. पत्र इंग्रजीत. वैद्यांनी मोठ्यांदा वाचलं. मतलब असा, की आपल्या आकड्यांचा आलेख फार खडबडीत येतो आहे, तो गुळगुळीत करायला कर्नल लागेल. कुठला वापरू ते कळवा, शक्यतो 'कॉम्पॅक्ट सपोर्ट' असलेला पाठवा.

देसाईंच्या गणितात कर्नल म्हणजे एक सूत्र. एखादा आकडा घेताना त्याच्या आजूबाजूच्या आकड्यांना किती भाव द्यायचा ते सांगणारं. कॉम्पॅक्ट सपोर्ट म्हणजे ते जवळच्या आकड्यांपुरतंच बघतं, लांबच्यांना भाव शून्य. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला गणितातला कर्नल फक्त शून्यवाला माहीत होता. मला संशय आला की काहीतरी गडबड आहे. पण वैद्य वीस वर्षं नोकरीत, आणि मी टेंपररी. मी गप्प बसले.

वैद्य म्हणाले, "सोपं आहे. आलेख राहू द्या, त्यांना नमुना हवाय. कर्नल पाठवायचा. आणि कॉम्पॅक्ट सपोर्ट म्हणजे पॅकिंग. मागच्या वेळी पोतं फुटलं होतं ना!"

आबांनी जीव ओतला. पाच किलो निवडक दाणे, आत पेंढा, बाहेर फळ्या, फळ्यांवर लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांवर खिळे. वर स्वतः उभे राहून पाहिलं. "हत्ती बसला तरी काय व्हनार न्हाई." पेटी रेल्वे पार्सलनं मुंबईला रवाना.

आठ दिवसांनी उत्तर आलं. साहेब तोवर परतले होते. त्यांनी पत्र आम्हा सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं, तेही उभ्यानं.

'आपला कर्नल पोचला. त्याचा सपोर्ट इतका कॉम्पॅक्ट होता की पेटी उघडायला सुतार बोलवावा लागला. आमच्या विभागातर्फे कळवण्यास आनंद वाटतो की खिचडी फार सुरेख झाली. आता कृपया कर्नल पाठवावा.'

वैद्य पर्जन्यमापक बघायला निघून गेले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

साहेब माझ्याकडे वळले. "मिस खरे, तुमचं गणित होतं ना कॉलेजात?"

"होतं, सर. पण कर्नल दुसरा होता."

*

महिन्याभरानं देसाई स्वतः आले. चष्मा जाड, आवाज मऊ, काखेत छापील कागदाची हातभर लांब गुंडाळी. आल्या आल्या त्यांनी आबांना नमस्कार केला. "पेटी आपण ठोकली होतीत?"

"व्हय. फुटली न्हाई ना?"

"नाही. अजून पूर्ण उघडलेली नाही."

सगळे व्हरांड्यात गोळा झाले. देसाईंनी कम्प्यूटर कसा असतो ते सांगायला सुरुवात केली. खोलीएवढा, गार हवा लागते, दिवे लुकलुकतात. मग म्हणाले, "आणि गंमत म्हणजे, परदेशातले लोक आता या यंत्राच्या कारभारातल्या मधल्या भागालाही कर्नल म्हणायला लागलेत."

"तिथंही?" वैद्य धसकलेच.

"हो. हा कर्नल स्वतः आकडेमोड करत नाही. कोणाचं काम आधी, कोणाचं मागून, कोणाला किती जागा, कोणी थांबायचं, कोणी उठायचं, एवढंच बघतो. पण तो बसला की सगळंच बसतं."

व्हरांड्यातली सगळी डोकी हळूहळू आबांकडे वळली.

आबांनी टोपी सारखी केली. "सायेब, त्यो सोता काय बी करत न्हाई?"

"नाही."

"फकस्त दुसऱ्यास्नी कामं लावतो?"

"हो."

"अन् त्येच्याबिगर पान हालत न्हाई?"

"अजिबात नाही."

आबा आमच्याकडे बघून म्हणाले, "ऐका! तीस वर्सं ह्येच बोंबलून सांगतोय म्या!"

*

त्याच दिवशी देसाईंनी ती गुंडाळी उलगडली. टेबलावरून खाली, दारापर्यंत. एकेका वाणाचे आकडे ओळीनं. मी माझी वही घेऊन बाजूला उभी. मला एवढंच बघायचं होतं, की माझे आणि यंत्राचे आकडे जुळतात का. जुळले तर माझी गरज नाही. नाही जुळले तर चूक माझी. दोन्हीकडून मरण!

नऊ नंबरच्या वाणाशी आले आणि माझं बोट थांबलं. अख्खे दाणे, उणे चार.

उणे! मी पुन्हा वाचलं. आधी वाटलं कागदावर डाग आहे. मग वाटलं, यंत्र कसं चुकेल, मीच काहीतरी भलतं लिहून पाठवलं असणार. बोलावं की नको? तेवढ्यात कोणीतरी शेजारच्या खोलीचं दार आपटलं आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "उणे चार!"

सगळे वाकले. देसाई पुटपुटले, "कडेच्या आकड्यांना असं होतं कधीकधी..."

मथुमावशी दारात सूप घेऊन उभी होती. "उने चार म्हंजी काय वो, दादा?"

"म्हणजे... काहीच नाही, त्याच्याही पेक्षा चार कमी."

मावशीनं विचार केला. "आसं व्हय! म्हंजी आपल्या ताटात तर न्हाईच, वर शेजारनीच्या ताटातनं चार उचलायचं!"

देसाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग माझी वही मागून घेतली. खिडकीशी बसून तासभर वाचली. शेवटी उठून साहेबांना म्हणाले, "थोड्या आकड्यांना मी फार रुंद कर्नल लावला. यांचे हातानं काढलेले आकडे बरोबर आहेत. आणि एक सांगू? यंत्राला दाणा दिसत नाही. कोणीतरी बघून, मोजून द्यायलाच हवा. यांना जाऊ देऊ नका."

दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मी गाडीत बसून विचार करत होते, आता तो कम्प्यूटर माझ्यावर चिडणार.

*

मार्च आला. मुदतवाढ आली नाही.

साहेबांनी स्वतःहून मुंबईच्या मुख्य ऑफिसला फोन लावला. आमच्या केंद्रावरचा फोन म्हणजे खाचरांवरून आलेली तार. तिच्यावर बगळे बसले की आवाज जातो. साहेब आयुष्यात पहिल्यांदा ओरडून बोलत होते, आणि आम्ही सगळे दाराबाहेर एकच बाजू ऐकत होतो.

"हो! कम्प्यूटरची जागा! ...यंत्र नव्हे, बाई! ...बाई! ...कर्नल सेक्शन! ...कर्नल, कर्नल! ...हो, कर्नलचंच काम! ...किती दिवस? अहो, कर्नल आहे तोपर्यंत! ...काय? ...हो, हो, कर्नल असेपर्यंत!"

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. वैद्यांनी उघडलं, वाचलं, खुर्चीत बसले, पुन्हा वाचलं. मग मोठ्यांदा.

'कर्नलसाहेबांच्या हाताखालील कम्प्यूटर ही जागा कर्नलसाहेब हयात असेपर्यंत मंजूर करण्यात येत आहे. कर्नलसाहेब हयात असल्याचा दाखला केंद्रप्रमुखांनी स्वतः खात्री करून दरवर्षी सोबतच्या नमुन्यात पाठवावा. यंदाचा दाखला आठ दिवसांत न आल्यास जागा रद्द समजावी.'

शेजारी देहूरोडला लष्कर. मुंबईला वाटलं असणार, तिकडचेच कोणी निवृत्त कर्नल आमच्याकडे भातावर काम करतायत!

आधी सगळे हसले. मग साहेब म्हणाले, "चूक झाली आहे. आजच कळवतो."

वैद्य म्हणाले, "कळवलंत की फाइल परत उघडणार. नवा प्रस्ताव, नवी मंजुरी. वर्ष जाईल. तोवर जागा गेली. त्यापेक्षा सही करून टाका, साहेब. मुंबईहून कोण येतंय बघायला?"

"मी खोट्यावर सही करणार नाही, वैद्य."

"मग मिस खरे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही करणार."

त्यांचं बरोबर होतं. मला ठाऊक होतं त्यांचं बरोबर आहे, म्हणून तर जास्त रडू येत होतं. घरी गेले तर आई नरसाळ्यानं स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत होती. म्हणाली, "दोन घोट चहा टाकते." मी कपबश्या काढल्या. दुसऱ्या दिवशीही तिला काही कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी थाळीसमोर बसले आणि टिपं गळायला लागली.

"बाई, दानं भिजत्याल," मथुमावशी म्हणाली. "काय झालं?"

मी सांगितलं. सगळं. आबाही येऊन उभे राहिले.

मावशीनं एकच विचारलं, "कर्नल म्हंजी ह्यो दानाच न्हवं?"

"हो."

"अन् मुंबईवालं काय इच्यारत्यात? त्यो जित्ता हाय का, येवडंच?"

"हो..."

"मंग रुजवून बगा की!"

दारात साहेब उभे होते. केव्हापासून, कोणास ठाऊक. मी दचकून उठले. त्यांनी थाळीतला एक दाणा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "शंभर दाणे. ओल्या टिपकागदावर. पण तूस असलेला चालणार नाही. तुसासकट असतं ते भात. कर्नल नव्हे."

हीच तर भीती! गिरणीत तूस निघतं तेव्हा दाण्याचं नाकही उडतं, आणि कोंब तर नाकातूनच फुटतो. मावशी म्हणाली, "गिरन कशापायी? नखं हायेत न्हवं!" आणि दिवसभर बसून तिनं शंभर दाणे एकेक करून नखानं सोलले. एकाच्याही नाकाला धक्का नाही.

मग चार दिवस. मी तासातासाला झाकण उचलायची. साहेब म्हणाले, "मिस खरे, तुमच्या बघण्यानं रुजत नाही." दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही, नुसते फुगलेले. मुदत संपायला एक दिवस राहिला. फॉर्म हातोहात मुंबईला न्यायचा म्हणून वैद्यांनी पिशवीही भरून ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनीच झाकण काढलं. मी डोळे मिटून घेतले होते.

"जित्ता हाय!" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी भिंतीला जाऊन आदळले.

डोळे उघडले. टिपकागदावर पांढरे पांढरे कोंब, मांजराच्या दातांसारखे. साहेब भिंग लावून मोजत होते. मी मोजले. मावशीनं मोजले. तिघांचा आकडा एक.

"वैद्य, तो फॉर्म आणा. लिहा. 'आज मी स्वतः पाहून खात्री केली आहे. कर्नल हयात...'"

वैद्यांनी टाक थांबवला. "'हयात आहे' लिहू की 'आहेत', साहेब?"

"आहेत," साहेब म्हणाले. "एक्क्याण्णव आहेत."

साहेबांनी सही केली. वैद्यांनी शिक्का मारला. फॉर्म फुंकून वाळवता वाळवता ते एकदम थबकले.

"साहेब, एक रकाना राहिला. कर्नलसाहेबांची रेजिमेंट."

साहेबांनी भिंग उचललं, थाळीवर वाकले, अगदी नीट पाहिलं, आणि सरळ होऊन म्हणाले,

"लिहा. आंबेमोहर."